डाव्या हाताचा मळ नव्हे!

गाणारा आणि साथ करणारा माणूस एकच असला, की एका देहात एकाच वेळी किती कामं चालतात याचा हिशेब कधी मांडून पाहिलाय? फुप्फुसं श्वास पुरवतात, स्वरतंतू सेकंदाला शे-दोनशे वेळा थरथरतात, जीभ आणि ओठ शब्द घडवतात, बोटं पट्ट्या शोधतात, कान या सगळ्यांवर पहारा ठेवतात आणि डोक्यात कुठेतरी केरव्याच्या आठ मात्रा न थांबता मोजल्या जात असतात. ही सगळी कामं जुळून आली की ऐकणाऱ्याला वाटतं, किती सहज गातोय हा!

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या सोसायट्यांमध्ये आता पेटीबरोबर कीबोर्डचे सूरही जिन्यात ऐकू येतात. अस्सल पियानो मात्र डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात चढवणं सोपं नाही. त्याच्या पोटात दोनशेहून जास्त तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो! तो पेलायला आत बिडाची भक्कम चौकट लागते. शिवाय आपल्या पावसाळ्यातली दमट हवा त्याचं लाकूड फुगवते आणि तारा बेसूर करते. म्हणून पियानोचा आवाज साठवलेलं डिजिटल वाद्य घरी येतं. त्यावर चार बोटं फिरू लागली, की प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो: गाऊ कोणतं गाणं?

‘आवडतं ते गा,’ हे उत्तर साहजिक आहे. पण वर्षानुवर्षं मनात घर करून बसलेलं गाणं स्वतः वाजवत गायला घेतलं, की अनेकदा ते हातातून निसटतं. आणि ज्याच्याकडे कधी विशेष लक्षही गेलं नव्हतं, असं एखादं साधं भावगीत एकदम उभं राहतं. असं का व्हावं? याचं उत्तर तीन ठिकाणी दडलंय: घशातल्या दोन सेंटिमीटरच्या आतल्या स्वरतंतूंमध्ये, बारा पट्ट्यांमध्ये आणि आपल्या डाव्या हाताच्या दीडशे वर्षांच्या कहाणीत.

डाव्या हातापासूनच सुरुवात करू.

१८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबेन या कारागिराने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ते वाद्य टेबलाएवढं होतं. वाजवणारा खुर्चीवर बसायचा, पायांनी भाता हलवायचा आणि त्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असायचे. हे वाद्य भारतात आलं तेव्हा त्याची गाठ जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या गवयाशी पडली. मांडी घातल्यावर पाय भाता कसा मारणार? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने हवा भरायची सुटसुटीत पेटी घडवली. भाता मागच्या बाजूला गेला आणि तो हलवायचं काम डाव्या हाताकडे आलं.

वाद्याच्या घडणीतला एवढा एक बदल, आणि त्याचा परिणाम बघा! पट्ट्यांवर एकच हात उरला. एका हाताने वाजते ती मुख्यतः चाल, सुरांची एकच धावती रेघ. आणि आपलं संगीत तर त्या एका रेघेवरच उभं आहे. दोन हातांनी स्वरांचे थर रचायचं युरोपचं वाद्य एक हात गमावून आपलं झालं. गोविंदराव टेंब्यांनी १९११ च्या ‘संगीत मानापमान’ला चाली दिल्या, तेही पेटीवरच्या हुकमतीसाठी नावाजलेले होते. पुढच्या भावगीतांच्या काळातही कितीतरी संगीतकार पेटी पुढ्यात घेऊन, एका हाताने सूर चाचपत आणि गुणगुणत चाली बांधत. म्हणजे कितीतरी मराठी गाण्यांच्या जन्मापासूनच त्यांच्यात एक गळा आणि एक उजवा हात यांचं माप मुरलेलं आहे. ती गाणी एकट्याने वाजवत गाताना अंगाला बसतात, याचं नवल ते काय!

आता ठाण्यातली एखादी मुलगी कीबोर्डसमोर बसते तेव्हा काय घडतं? भाता गेला. वीज आली. डावा हात मोकळा झाला! त्याला कोणतं काम द्यायचं, यावर तिने कोणतं गाणं निवडावं हे बरंचसं ठरतं. पण त्याआधी गळ्याचं माप घ्यायला हवं.

गाणाऱ्यांच्या बोलण्यात ‘तुमची पट्टी कोणती?’ हा प्रश्न सारखा येतो. पुरुष बहुधा काळी एक किंवा काळी दोन सांगतात, बायका काळी चार किंवा काळी पाच. पुरुषाने काळी एकचा षड्ज लावला, की त्याचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा उघडमीट करतात. बाईने काळी चारचा षड्ज लावला, की सुमारे २०८ वेळा. आता २०८ ला १३९ ने भागा. जवळजवळ नेमका दीड येतो! आणि दीडपट कंपनांचा सूर म्हणजे पंचम. थोडक्यात, बाईचा ‘सा’ हा पुरुषाचा ‘प’ आहे. निसर्गाने गळे घडवले, माणसांनी आपापल्या सोयीच्या पट्ट्या शोधल्या, आणि त्या दोघांमधलं अंतर निघालं ते संगीतातल्या सर्वांत गोड नात्याचं.

हे कळलं, की युगुलगीतं एकट्याने गाताना का छळतात ते उमगतं. दोघांना एकाच पट्टीत गायचं असतं, म्हणून ती पट्टी तडजोडीची असते: एकाला जरा खालची, दुसऱ्याला जरा वरची. एकाच आवाजातल्या गाण्यांतही हे अंतर आडवं येतं. ठाण्याचं नगराध्यक्षपद भूषवलेले जनकवी पी. सावळाराम यांची गीतं घ्या. वसंत प्रभूंच्या चाली, लता मंगेशकरांचा आवाज. शब्द साधे, चाल सुटसुटीत, एकट्याने गायला अगदी योग्य. पण पुरुषाने ती मूळ पट्टीत गायला घेतली, तर वरचे सूर चिरकतात. एक सप्तक खाली उतरून गायली, तर खालचे सूर घशातच विरतात. उपाय? सगळं गाणं पाच-सात पट्ट्यांनी सरकवायचं. पेटीवाल्यांनी यासाठी पट्ट्यांची सबंध ओळच सरकणारी स्केलचेंजर पेटी काढली. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. म्हणून गाणं ठरवण्यापूर्वी त्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधा. बऱ्याच भावगीतांचा पसारा दीड सप्तकाच्या आसपास असतो, आणि न कमावलेल्या गळ्याची आरामाची झेपही साधारण तेवढीच असते. ही दोन मापं जुळवण्यासाठी ‘सा’ कुठे ठेवायचा, एवढंच ठरवायचं. वरच्या सुरावर मान ताणावी लागली, तर एक पट्टी खाली या. त्यात कमीपणा कसला?

आता बारा पट्ट्यांकडे वळू. इथे मला सर्वांत जास्त आवडणारी गंमत आहे.

पांढऱ्या पट्ट्या विसरा. फक्त पाच काळ्या घ्या. काळी तीनला ‘सा’ माना आणि क्रमाने काळ्याच वाजवत वर जा: सा रे ग प ध. हा तर भूप! आता त्याच पाच पट्ट्या, पण ‘सा’ काळी चारवर न्या: मेघ किंवा मधमाद सारंगाचे सूर मिळतात. काळी पाचवर न्या: मालकंस! काळी एकवर: दुर्गा. काळी दोनवर: धानी. पट्ट्या त्याच, बोटं तीच, बदलली ती फक्त घराची जागा. तेवढ्याने भूपाचा प्रसन्नपणा मालकंसाच्या गांभीर्यात बदलतो. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी याला मूर्च्छना म्हटलं. डोंबिवलीतल्या घरातल्या साध्या कीबोर्डवरसुद्धा हा चमत्कार दोन मिनिटांत करून बघता येतो.

याचा गाणं निवडण्याशी काय संबंध? सरळ संबंध आहे. या पाच स्वरांवर बेतलेलं गाणं काळ्या पट्ट्यांवर बसवलं, तर रागाबाहेरच्या सुराला वावच राहत नाही. नवशिक्याला यापेक्षा मोठा दिलासा कोणता? कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’तलं पहिलंच गीत भूपाच्या स्वरांवर आहे. सुरुवातीला अशी गाणी घ्या. नजर पट्ट्यांवरून निघून शब्दांकडे जाते.

आता मोकळ्या झालेल्या डाव्या हाताला काम देऊ. पियानोवर तो बहुतेक वेळा कॉर्ड धरतो, म्हणजे तीन सूर एकदम. सा-ग-प एकत्र वाजवले की कानाला भरलेपणा का वाटतो? कारण त्यांच्या कंपनांचं प्रमाण चार, पाच, सहा असं लागोपाठच्या आकड्यांचं असतं. पण खरं आश्चर्य पुढे आहे. गळ्यात ‘सा’ धरून ठेवा आणि डाव्या हाताने आधी म-ध-सा वाजवा, मग ध-सा-ग. दोन्हींत सा आहे, गळा तसूभरही हललेला नाही, तरी पहिल्या वेळी तो सूर उजळ वाटतो आणि दुसऱ्या वेळी उदास. गळ्याने काही न करता डाव्या हाताने भाव बदलला! भात्यावर अडकलेल्या हाताला हे सुख कधी मिळालं नव्हतं.

मात्र इथेच धोकाही आहे. कॉर्डमधले तिन्ही सूर गाण्यात आहेत ना, हे पाहायला हवं. मालकंसात पंचम नाही. त्यातल्या ‘सा’खाली सवयीने सा-ग-प धरलं, तर नको असलेला पंचम घुसतो आणि मालकंस तिथेच संपतो. मग मालकंसात कॉर्ड मिळतात तरी कोणत्या? म-ध-सा आणि ध-सा-ग, दोनच (इथले ग आणि ध कोमल). भूपात? तिथेही दोनच: सा-ग-प आणि ध-सा-ग. आता काळ्या पट्ट्यांवर बोटं ठेवून बघा: दोन्ही रागांच्या कॉर्ड त्याच त्या पट्ट्यांवर येतात! मघाच्या पाचही रागांत हीच एक जोडी मिळते. म्हणजे दोन कॉर्ड शिकलात, की त्या पाच रागांतल्या गाण्यांत कामी येतात.

जिथे कॉर्ड बसतच नाही, तिथे काय? मग डाव्या हाताने फक्त सा-प (मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात सा-म) धरून तंबोरा व्हावं. गाणं अडत नाही, उलट ते मोकळं होतं. हीच मोकळीक मींड असलेल्या, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणाऱ्या गाण्यांना लागते. पट्ट्यांचं वाद्य म्हणजे ठाण्याहून कल्याणला निघालेली स्लो लोकल: कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली. ठरलेल्या ठिकाणीच ती भेटते. गळा मात्र सबंध रूळ आहे. दोन स्टेशनांमधल्या कोणत्याही जागी तो रेंगाळू शकतो. अशा गाण्यात प्रत्येक हरकतीमागे बोटं धावडवली, तर गळ्याचं वळण आणि पट्टीच्या पायऱ्या एकमेकांना टोचतात. तेव्हा हात थांबवायचा आणि वळण गळ्याला घेऊ द्यायचं.

आणि ही ठरलेली ठिकाणं तरी नेमकी बरोबर आहेत का? धक्का बसेल, पण नाहीत! पियानोच्या प्रत्येक पट्टीची कंपनं आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट असतात. हा आकडा बारा वेळा गुणला, की नेमके दोन येतात आणि सप्तक पुरं होतं. कुठल्याही पट्टीला ‘सा’ मानता यावं म्हणून केलेली ही चोख समान वाटणी आहे. तिच्याशिवाय ट्रान्सपोजचं बटण निरर्थक ठरलं असतं. पण तिची किंमत मोजावी लागते. काळी एकच्या ‘सा’पासून नैसर्गिक शुद्ध गंधार १७३.२ कंपनांवर येतो, तर पट्टीवरचा १७४.६ वर. फरक जेमतेम १.४ कंपनांचा, पण तयार कानाला तो खुपतो.

पेटीच्या अशाच ठरलेल्या सुरांवरचा वाद एकेकाळी इतका तापला, की ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं. आणि त्या न सुटलेल्या कोड्यावर ठाण्यातच एक देखणं उत्तर निघालं! पेशाने डॉक्टर आणि पेटीवादक गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य असलेले डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली. सा आणि प अचल, म्हणून त्यांची एकेकच जागा. उरलेल्या दहा स्वरांना दोन-दोन जागा, आणि रागाला हवी ती जागा वादकाने आधी निवडून ठेवायची. दहा दुणे वीस आणि दोन, बावीस. भरतमुनींच्या परंपरेतली संख्या पेटीच्या पट्ट्यांखाली येऊन बसली.

घरी गाणाऱ्याला बावीस श्रुतींची पेटी हवीच असं नाही. पण त्यातला धडा मोलाचा आहे. लांबलचक, स्थिर गंधारावर उभं असलेलं गाणं साथीशिवाय जास्त गोड लागलं, तर दोष तुमच्या गळ्याचा असेलच असं नाही. तुमचा गळा नैसर्गिक सूर शोधत असतो आणि पट्टी त्याला शेजारच्या सुराकडे ओढत असते.

पेटी आणि पियानो यांत आणखी एक मूलभूत फरक आहे. पेटीचा सूर हवेवर जगतो. भाता चालू आहे तोवर तो तितकाच भरदार राहतो. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे सरते. सन १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी ही रचना शोधली, ती बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा व्हावा म्हणून. पण तारेवर ठोका पडला, की त्या क्षणापासून तो सूर विरतच जातो. म्हणून संथ, लांब ओढलेल्या सुरांचं गाणं पेटीवर खुलतं आणि पियानोवर त्यात पोकळी पडते. ती भरायला कॉर्डचे सूर एकामागून एक सुटे वाजवावे लागतात. उलट भरपूर शब्दांचं, खेळत्या चालीचं गाणं पियानोवर झळकतं, कारण प्रत्येक शब्दाच्या पायाशी नवा ठोका पडत असतो. दादऱ्यातलं किंवा केरव्यातलं गाणं घ्या, डाव्या हाताने समेवर खालचा सूर द्या, उरलेल्या मात्रांवर हलके स्वर ठेवा. तबलजी घरी नसला तरी ठेका घरात येतो!

पण एवढी कामं एकदम जमतात कशी? मेंदूला एकाच वेळी दोन नव्या गोष्टींकडे पूर्ण लक्ष देता येत नाही. त्याची युक्ती अशी, की एक गोष्ट इतकी घोटायची की तिला लक्षच लागू नये. सरावाने बोटांच्या हालचाली जाणिवेतून उतरून मेंदूच्या खोल भागांकडे सोपवल्या जातात, तेव्हा लक्ष शब्दांसाठी रिकामं होतं. यातून निवडीचा पक्का नियम मिळतो: गाणं गळ्याला नवं असेल तर साथ अगदी साधी ठेवा, आणि साथ नवी असेल तर गाणं झोपेतून उठवलं तरी गाता येईल असं घ्या. मनातलं लाडकं गाणं हातातून निसटतं ते इथेच. त्यातलं जे आपल्याला भुलवत असतं, ते अनेकदा दोन कडव्यांमधल्या व्हायोलिनच्या ताफ्यात आणि बासरीच्या तुकड्यात असतं. ते म्युझिक पीस मनातून वगळून ध्रुवपद आणि अंतरा नुसता गाऊन पाहा. तरीही अंगावर काटा आला, तर ते गाणं एकट्याने पेलायचं आहे.

या परीक्षेत पहिलं यावं असं उदाहरण आपल्याच भाषेत आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ दर आठवड्याला प्रसारित होऊ लागलं. एकूण ५६ गीतं, आणि ती गायला माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे कितीतरी वेगवेगळ्या जातीचे आवाज. पुढे सुधीर फडके यांनी हीच गीतं मंचावर एकट्याने सादर केली, स्वतः पेटी वाजवत! रामाची, सीतेची, कौसल्येची, सगळी गाणी एका गळ्यात, एका पट्टीच्या आवाक्यात आणली. मागे ना मोठा वाद्यवृंद, ना गायकांचा ताफा. तरी सभागृहं भरून वाहिली. शब्द कळायला हवेत, चाल शब्दांच्या अंगाने जायला हवी आणि हाताने गळ्याच्या वाटेत यायचं नाही, हे सारं त्यात दिसतं.

फडक्यांचा डावा हात भात्यावर होता. तुमचा मोकळा आहे! जुन्या संगीतकारांना बैठकीत बसून जे करता आलं नसतं, ते तुम्हाला घरच्या कीबोर्डवर करता येतं: त्यांच्याच चालीखाली नवे सूर ठेवून तिचा आजवर न दिसलेला भाव उजेडात आणणं. म्हणून ओळखीचं, म्युझिक पीसशिवायही उभं राहणारं, तुमच्या दीड सप्तकात मावणारं एक गाणं निवडा. ते पाच सुरांचं असेल तर काळ्या पट्ट्यांवर बसवा. पहिले काही दिवस डाव्या हाताने फक्त षड्ज-पंचम (किंवा पंचम नसेल तर षड्ज-मध्यम) धरा, मग समेवरचा सूर द्या, मग त्या दोन कॉर्ड. प्रत्येक पायरीवर तेच गाणं वेगळं ऐकू येईल, आणि ते वेगळेपण तुमच्या स्वतःच्या हातांनी घडवलेलं असेल.